आबांच्या मापाची होडी

मी अक्षरं शाळेत गिरवली, पण वाचायला शिकलो ते होडीत. आमचं गाव गोदावरीच्या काठावर, शेवगाव तालुक्याच्या कडेला. पलीकडचा काठ दुसऱ्या जिल्ह्याचा. मधे पूल नव्हता, माझ्या वडिलांची होडी होती. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. निवडणूक असो, संप असो, मोर्चा असो, अलीकडच्या गावातली सभा उरकून पलीकडच्या गावात जाणारी माणसं आमच्याच होडीत बसत, आणि त्यांच्या हातातली पत्रकं होडीत राहून जात. लाल पत्रकं, पिवळी पत्रकं, एकाच बाजूला छापलेली, शाई बोटाला लागणारी. होडीच्या तळाला साचलेल्या पाण्यात भिजलेली पत्रकं मी काठावरच्या दगडांवर वाळत घालायचो आणि वाळली की वाचायचो. घरात दुसरं वाचायला काही नव्हतंच. बारा वर्षांचा असताना मला तीन पक्षांची पत्रकं पाठ होती आणि तिन्ही एकाच वेळी पटत होती.

पुढे त्यातलं एकच पटत राहिलं: ज्याचं जाणार आहे त्याला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. हे मला आजही पटतं. या लिहिण्यात मी माझी चूक सांगणार आहे, पण चूक ती नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवतो.

ती होडी आता नाही. तिची पंधरा इंचांची नक्कल मी गेल्या उन्हाळ्यात, नगरच्या एका खोलीत बसून केली. का केली, तर आबा माझ्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून काय करावं हे मला सुचत नव्हतं. पत्रक काढून उपयोग नव्हता. आबांना वाचता येत नाही.

झालं होतं ते असं. नदीच्या खालच्या अंगाला मोठं धरण बांधायला घेतलं होतं, आणि आमचं गाव त्याच्या पाण्याखाली जाणार होतं. मोजणीवाले येऊ लागले. त्यांच्या कागदावर घराला रकाना होता, विहिरीला होता, आंब्याच्या झाडालाही होता. नदीवर पोट भरणाऱ्या माणसाला नव्हता. मी तेव्हा वीस वर्षांचा, शेवगावात मॅट्रिक होऊन परत आलेला. गावाची बैठक झाली, मी बोललो, आणि ठरलं की मोजणीवाल्यांना पाणी द्यायचं नाही, सावली द्यायची नाही, पलीकडे न्यायचं नाही. आबा बैठकीत मागे बसले होते. ते उठून म्हणाले, "बाकीचं तुमी ठरवा. पन नदीवर आलेल्याला न्हाई म्हनायचं नसतं."

हा आमच्या घराण्याचा रिवाज होता. दोन्ही काठांवरची गावं सुगीला आबांना धान्य घालत, आणि त्या धान्यात सगळं आलं. काठावर जो उभा राहील त्याला पलीकडे न्यायचं. चोर असला तरी. आबा म्हणत, चोर हाय का साव हाय ते काठावरच्यांनी बघावं, पाण्यात समदे ओझंच असत्यात.

दुसऱ्या दिवशी आबांनी मोजणीवाल्यांना पलीकडे नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी मी गावातली पंधरा पोरं घेऊन होडी पाण्याबाहेर ओढली. दोर लावून, ओंडक्यांवरून सरकवत, चढ चढून थेट मारुतीच्या देवळासमोर आणली आणि दगडांचे टेकू देऊन उभी केली. शेवगावच्या छापखान्यातून मी पत्रक छापून आणलं होतं, त्याचे बारा कागद कणकेच्या खळीने होडीच्या दोन्ही अंगांना चिकटवले. आबा देवळाच्या पायरीवर बसून बघत होते. अडवलं नाही त्यांनी. त्या दिवशी ते माझ्याशी बोलत होते अजून.

मोजणीवाले आठवड्याने जीपमधून लांबच्या पुलावरून फिरून आले आणि आपलं काम करून गेले.

मी नगरला आलो तो छापखान्यात काम मिळालं म्हणून. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, प्रुफं वाचायची. खोली छापखान्याच्या मागच्या बोळात, एका बाजूला खिडकी, खिडकीतून समोरच्या घराची भिंत. ओळखीचं कुणी नव्हतं. सभांना जायचो, घोषणा द्यायचो, आणि सभा संपल्यावर सगळे दोघं-दोघं, तिघं-तिघं मिळून निघून जायचे. मी एकटाच बोळात शिरायचो. हजार माणसांसाठी लिहिणाऱ्या माणसाला संध्याकाळी बोलायला एकही माणूस नसावा, हे मला तेव्हा लाजिरवाणं वाटायचं, म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. बाजारात मोसंब्यांची रिकामी खोकी स्वस्त मिळत. त्यातलं एक मी जळणाला आणलं. त्याची एक पातळ फळी हातात घेतली, वाकवून बघितली, आणि ती होडीच्या नाकाकडच्या फळीसारखी वाकली. स्टोव्ह पेटवायचा राहिला.

माप ठरवलं फुटाला एक इंच. छापखान्यात खिळे जुळवून माझा हात बारीक कामाला बसलेला होता. जस्ताचे ब्लॉक लाकडावर ठोकायला आम्ही जे बारीक खिळे वापरतो ते घेतले. सरस आणला, काचपेपर आणला. टेबलावर जुन्या पत्रकांचा गठ्ठा पसरला आणि त्यावर काम मांडलं. रोज संध्याकाळी दोन तास. एक बरगडी करायला तीन दिवस लागले. होडीला आत सात बरगड्या होत्या, तिसरी जरा तिरपी होती, कारण तिथे लाकडाला गाठ होती आणि सुताराने गाठ टाळली होती. मी ती तिरपीच केली. बसायच्या मधल्या फळीवर, जिथे आबा वल्हं टेकवत, तिथे खळगा पडलेला होता. तो मी चाकूच्या टोकाने कोरला. दोर बांधायची कडी तारेची केली. ती डाव्या अंगाला होती, हे आठवायला मला डोळे मिटून काठावर उभं राहावं लागलं.

छापखान्यात मशीन चालवणारे एक वयस्क चाचा होते. एकदा प्रुफं द्यायला खोलीवर आले, तेव्हा त्यांनी ती बघितली.

"हे काय चाललंय?"

"होडी."

"नगरात?" त्यांनी चष्मा वर केला. "सीना नदीत सोडणार? पाणी आलं की मला बोलव. नातवाच्या लग्नापर्यंत येईल बहुतेक."

"सोडायची नाही. नुसती करतोय."

"नुसती," ते म्हणाले, आणि बोटाने बरगड्या मोजल्या. "कुणाची होती?"

मी म्हटलं, आमची. त्यांनी पुढे विचारलं नाही. जाताना म्हणाले, "तुझी पत्रकं याच्यापेक्षा लौकर होतात."

अडचण तळाच्या वेळी आली. होडीची गोष्ट आबा वर्षातून एकदा तरी सांगत, त्यामुळे मापं मला पाठ होती. लांबी नऊ हात. तळ मधे अडीच हात. खोली हातभर. शेवगावच्या वखारीतून आणलेल्या फळ्या, रुंदीला दहा इंची, तळाला पाच. म्हणजे होडी हातात मोजलेली आणि लाकूड इंचात. मी शाळेत शिकलेला हात धरला, अठरा इंचांचा. अडीच हात म्हणजे पंचेचाळीस इंच. दहा इंची पाच फळ्या म्हणजे पन्नास. पाचवी फळी बसेना. मी ती तासून अर्धी केली आणि बसवली. होडी वाईट दिसत नव्हती, पण ती आमची होडी नव्हती. लांबीलाही आखूड वाटायची, कुण्या दुसऱ्या गावची वाटायची. दोनदा तळ उचकटला.

मग उलटं गणित केलं. पाच फळ्या अडीच हातांत बसवायच्या तर हात वीस इंचांचा हवा. पण वीस इंचांचा हात कुणाचा असतो? माझा मी मोजला, साडेसतरा भरला. चाचांचा मोजला, सतरा. सुताराने आबांचाच हात धरला असेल का? आबा उंच होते, लांब हातांचे होते, गावात लोक म्हणत की वल्हं मारून मारून लांबले. पण वीस? मी टेबलाशी बसून आबांचा हात आठवायला लागलो. वल्हं धरलेली मूठ आठवली, बिडी धरलेली बोटं आठवली. कोपरापासून बोटापर्यंतचा सलग हात आठवेना. तिसऱ्या बरगडीचा तिरपेपणा आठवतो आणि बापाचा हात आठवत नाही, असा मी पोरगा.

त्या संध्याकाळी काम झालं नाही. आठवू नये ते आठवत राहिलं.

होडीला ऊन सोसत नाही. उन्हाळ्यात नदी आटून डोहापुरती राहिली की आबा होडीत दगड भरून तिला डोहात बुडवून ठेवत. त्याला ते होडी निजवणं म्हणत. मृगाआधी दगड काढायचे, की होडी उठायची. मी तिला देवळासमोर आणली तेव्हा माघ संपत आला होता. फाल्गुनात आबा मला म्हणाले, "आता निजवू दे तिला." मी म्हटलं, "आबा, ती आता नुसती होडी नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे." त्यांनी वाद घातला नाही. रोज सकाळी डोहावरून दोन घागरी आणायचे आणि होडीवर ओतायचे. मग कुठून तरी गोणपाट मिळवलं, ते ओलं करून तिच्या अंगावर पसरलं. चैत्रात शेजारच्या गावचे लोक होडी बघायला येणार होते. मी देवळापाशी गेलो तर माझे बारा कागद ओल्या गोणपाटाखाली. खळ सुटलेली, शाई उतरलेली.

मी म्हटलं, "पोतं काढा आबा. पत्रक झाकतंय."

त्यांनी पोतं काढलं, नीट घडी घातली आणि काखेत धरून घरी गेले. त्यानंतर त्यांनी घागरी आणल्या नाहीत.

पावसाळ्यात नदी वाहती झाली तेव्हा त्याच पंधरा पोरांना घेऊन मी होडी खाली नेली. फळ्यांमधून पलीकडचं दिसत होतं, तळाची मधली फळी उभी तडकली होती. आबांनी फटींत काथ्या ठोकला, डांबर लावलं. होडी पाण्यात टाकली, आणि आबांची बिडी ओढून व्हायच्या आत बसायच्या फळीपर्यंत पाणी आलं. त्यांनी तिला ओढून काठाला लावलं, वल्हं खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जा आता चालत पलीकडं."

ते शेवटचं बोलणं. रागाचं नव्हतं. सांगितल्यासारखं होतं. होडीचं लाकूड त्यांनी मागेल त्याला देऊन टाकलं आणि दिवाळीनंतर वल्हं घेऊन तिसगावला माझ्या बहिणीकडे राहायला गेले. आई आमची आधीच गेलेली. गाव अजून बुडालं नव्हतं. होडीवाला मात्र गावातून उठला होता, आणि त्याला धरणाने उठवलं नव्हतं.

म्हणून मी होडी तळापासून पुन्हा केली, हात वीस इंचांचा धरून. पाच फळ्या एकमेकींना अशा घट्ट बसल्या की नखही शिरेना. ते बघून मला बरं वाटलं. पण वीस हा आकडा माझ्या गणिताचा होता, आबांचा नव्हता. तो खरा की खोटा हे तिसगावलाच कळणार होतं. एका रविवारी सकाळी होडी पत्रकांमधे गुंडाळली, खिशात सुतळीचा तुकडा घेतला आणि पाथर्डीच्या एसटीत बसलो.

शेजारी एक बाई होती, मांडीवर रिकामी कळशी. करंजीचा घाट चढून गेल्यावर तिने विचारलं, "काय हाय रं बाबा त्यात? लई जपून धरलंय."

"होडी आहे."

"कुठं चालीवतोस?"

"तिसगावला."

तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ढेकळं होती आणि लांबवर रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं. मग मांडीवरची कळशी माझ्यापासून लांब, खिडकीकडे सरकवली.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला मी आक्का म्हणतो. दाजी खडीच्या कामावर होते, ते आठवड्याने घरी येत. दारापुढच्या अंगणात वाळत घातलेल्या लुगड्याच्या दोरीला मधे टेकू दिला होता, तो टेकू म्हणजे आमचं वल्हं. पातं वर, मूठ मातीत. आबा ओट्यावर बसून बाभळीच्या शेंगा सोलत होते. मी पाया पडलो. त्यांनी हात वर केला आणि शेंगा सोलत राहिले.

"आक्का," ते आत बघून म्हणाले, "त्याला म्हनावं तांब्या आत हाय. अर्धाच प्यावं."

"आइकलं त्यानं," आक्का म्हणाली. "दोन हातावर बसलाय. मला कशाला मधी घेता? मी काय टपाल हाय का?"

मी पाणी प्यालो, अर्धाच तांब्या. मग कागद सोडून होडी काढली आणि ओट्यावर, त्यांच्यापासून जरा लांब, ठेवली. शेंगा सोलणारी बोटं थांबली. आबांनी होडीकडे बराच वेळ बघितलं, हात मात्र लावला नाही. मग भिंतीला टेकले आणि डोळे मिटले.

आक्का माझ्या कानाशी म्हणाली, "आता ही खेळणी करतोस व्हय? लगीन कर त्यापरीस."

जेवण झालं. भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. दुपारी ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं. आबा उताणे झोपले होते, उजवा हात बाजूला लांब पसरलेला, तळवा वर. मी खिशातून सुतळी काढली. बोलत नसलेल्या माणसाला हात मागता येत नाही. श्वास धरून मी सुतळीचं एक टोक त्यांच्या मधल्या बोटापाशी धरलं आणि दुसरं मागे नेत होतो, तेवढ्यात डोळे न उघडता आबा मोठ्याने म्हणाले, "आक्का, त्याला म्हनावं कोपराच्या हाडापासनं धर. वळीपासनं न्हाई."

आतून आक्का हसली. "धर रं बाबा हाडापासनं. काय शिवतोस काय त्यास्नी, सदरा?"

मी हाडापासून धरलं. गाठ मारली आणि मग फूटपट्टीवर सुतळी ताणली. वीस इंच आणि वर पाव. पुन्हा मोजली. वीसवर पाव. माझं गणित खरं निघालं होतं, नुसत्या पाव इंचाचा फरक, आणि तो माझ्या मापाने करवंदाच्या बीएवढाही नव्हता. मला वाटलं, मी आमची होडी जशीच्या तशी केली. मी म्हटलं, "बरोबर आहे आबा. वीस इंच, वरचा पाव जास्तीचा. नऊ हात, अडीच हात. फळी फळीला चिकटली आहे, हवासुद्धा जाणार नाही."

आबा उठून बसले. त्यांनी पहिल्यांदा होडी हातात घेतली. उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला. तिसऱ्या बरगडीपाशी अंगठा थांबला. खळग्यात त्यांनी करंगळीचं टोक घालून बघितलं. मग आक्काला म्हणाले, "परातीत पानी दे."

"कशाला?"

"हिला घालाया."

आक्का दारात आली. "टँकर आता बुधवारी. प्यायाचं पानी रांजनात तळाला लागलंय, आन तुमी बाहुलीची होडी पव्हायला लावता?"

"माझ्या आंघुळीचं दे. उद्याची करत न्हाई मी."

"कालची तरी केली व्हती का?"

पण तिने पाणी आणलं. परात ओट्यावर ठेवली, तांब्याने मोजून ओतलं. आबांनी होडी पाण्यावर सोडली. ती तरंगली. सरळ, जराही न कलता. दोन वर्षांत मी होडी पाण्यावर बघितली नव्हती, आणि आबांनी तर नाहीच.

ते बघत होते, पण माझ्यासारखं नाही. कढईतल्या तेलाकडे बघावं तसं, आता काय होतं ते बघत होते. अर्धा तास गेला असेल. आधी तळाची मधली फळी जराशी वर उचलली गेली. मग तिच्या शेजारची. कोरड्या, घट्ट बसवलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या आणि त्यांना फुगायला जागा नव्हती. सरस उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात विरघळत होता. एक बारीक खिळा सुटून परातीत पडला, त्याचा टिंग असा आवाज झाला. तीन महिन्यांचं काम माझ्या डोळ्यांदेखत पाठ वर काढत उघडलं, आणि मी हात पुढे केला नाही.

आबांनी होडी बाहेर काढली, मांडीवर घेतली. सुटलेल्या फळ्या एकेक करून ओट्यावर मांडल्या, ज्या क्रमाने सुटल्या त्याच क्रमाने. मी वाट बघत होतो. ते म्हणतील, बघितलंस? ते म्हणतील, तशीच तीही. मी तयार होतो. मला ते ऐकायचंच होतं, त्यासाठीच मी एवढ्या लांब आलो होतो असं त्या क्षणी वाटलं.

त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"सुतळी दे."

आक्का दारातच उभी होती. या वेळी तिला त्यांनी मधे घेतलं नव्हतं.

मी गाठ मारलेली सुतळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी गाठ दातांनी सोडवली, सुतळीचे पदर उलगडले, एकेक पदर थुंकीने ओला करून मांडीवर वळला. मग फळ्या पुन्हा बसवायला घेतल्या, पण आता एकीला दुसरी चिकटू न देता, मधे दोऱ्याएवढी फट ठेवून. फटीत पदर भरला आणि नखाने दाबला.

"लाकूड पितं," ते म्हणाले. "त्याला जागा ठिवावी लागती. पाव पाव करून अडीच हातात दोरीभर जागा मिळती. ती सुतारानं माझ्या हातातनं घेतली व्हती." पुढचा पदर दाबत म्हणाले, "तुला वाटलं ती जास्तीची."

"हो," मी म्हटलं.

"चाकू हाय का?"

मी चाकू दिला. कडेची फळी त्यांनी केसभर तासली. त्यापुढे ते बोलले ते सगळं होडीबद्दल होतं, आणि फार नव्हतं. फळी धर. दुसरी. न्हाई, उलटी. दोन वर्षांत मी हजारो माणसांसाठी लिहिलं, पण "न्हाई, उलटी" एवढं ऐकायला मी काय दिलं असतं ते माझं मला माहीत.

देवळासमोरच्या पोत्याबद्दल मी बोलणार होतो. एसटीत वाक्यं जुळवली होती, खिळे जुळवावेत तशी. ती तोंडात आली नाहीत. चार वाजता शेवटची गाडी होती, आणि तळाच्या तीनच फळ्या झाल्या होत्या. मी पिशवी उचलली. होडी त्यांच्या मांडीवर होती आणि ती मागायचं मला सुचलं नाही.

आबांनी होडी परातीत ठेवली. मग आत जाऊन गोणपाटाचा तुकडा आणला, परातीच्याच पाण्यात बुडवून पिळला आणि होडीवर धरला. तसाच धरून ते थांबले. माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "झाका, आबा."

त्यांनी झाकली.

आक्का फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "आता रोज तांब्याभर पानी ओततील बघ तिच्यावर. मी काय करू?"

"ओरड त्यांच्यावर."

"ते तर मी करनारच हाय," ती म्हणाली.

परतीची गाडी रिकामी होती. घाट उतरताना मी माझाच हात कोपरापासून बोटापर्यंत न्याहाळत होतो, साडेसतरा, वीसला पुरत नव्हता. सुतळी तर तिकडेच राहिली. पुढे कधी होडी केली तर माप तोंडपाठ हवं, म्हणून वीसवर पाव, वीसवर पाव असं मनात म्हणत आलो, पाठांतराची जुनी सवय.

खोलीत शिरलो तर टेबलावर भुसा तसाच होता. पत्रकांच्या गठ्ठ्यावर, जिथे होडी तीन महिने होती, तिथे तिच्या आकाराचा स्वच्छ कागद उरला होता. बाकी सगळीकडे धूळ. मी ते पत्रक वाचलं. माझंच होतं. मागणी बरोबर होती, आजही बरोबर आहे. खाली सही नव्हती, पत्रकाला ती नसतेच.

सोमवारी छापखान्यात चाचांनी विचारलं, "झाली का तुझी होडी?"

"झाली नाही अजून."

"कुठाय?"

"पाण्यात ठेवली आहे."

त्यांनी मशीन थांबवलं. "आपल्या जिल्ह्यात? पाण्यात?"

मी मान हलवली आणि माझ्या जागेवर जाऊन खिळे जुळवायला घेतले. त्या दिवशी एका लग्नाची पत्रिका होती.